महायुद्धाचा धान्यबाजार आणि वारली उठावाचे वाङ्मय

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या डहाणू, तलासरी व पालघर या तालुक्यांत आणि त्यांना लागून असलेल्या उंबरगावच्या मुलखात, १९४५ ते १९४७ या काळात वारल्यांचा जो उठाव झाला, त्याविषयी बरेच लेखन उपलब्ध आहे. त्यात अग्रस्थान अर्थातच गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला द्यावे लागते. १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यानंतर हा ग्रंथ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत, वाङ्मयेतिहासांत आणि चळवळीच्या आठवणींत स्थिर झाला. शामराव परुळेकर यांची उठाव चालू असतानाच, १९४७ साली, इंग्रजीत निघालेली पुस्तिका त्याच्या जोडीला आहे. त्याही आधीचा, १९३९ सालचा, सिमिंग्टन यांचा मुंबई सरकारला सादर झालेला अहवाल आहे. उठावाच्याच वर्षी निघालेला के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ आहे; आणि पुढे इंद्रा मुन्शी यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांचे लेख आहेत. या सर्व लेखनाविषयी एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वेठ, लग्नगडी, खावटी ही सारी दुःखे सिमिंग्टन यांनी युद्धापूर्वीच नोंदवली होती. मग उठाव १९३९ साली न होता १९४५ साली का झाला?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर संघटनेचे आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळे येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले, तेथे माह्या धांगडा आपल्या भागातील गाऱ्हाणी घेऊन गेला, परुळेकर दांपत्य उंबरगाव तालुक्यात आले, २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली आणि तेथून वेठ बंद झाली, असा तो क्रम होय. हा क्रम खरा आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु क्रम सांगणे आणि कारण सांगणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ग्रंथाचे नावच पाहावे. 'जागा होणे' या रूपकात असे गृहीत धरलेले आहे की, माणूस त्यापूर्वी निद्रिस्त होता आणि बाहेरून आलेल्या हाकेने तो उठला. वाङ्मय म्हणून हे रूपक समर्थ आहे. भयग्रस्त माणसाच्या चेहऱ्यावरील बदल गोदावरीबाई ज्या बारकाईने टिपतात तिचे श्रेय पुष्कळसे याच रूपकाला आहे. आर्थिक इतिहासाचे साधन म्हणून त्याकडे पाहिले असता मात्र त्याची मर्यादा ध्यानात येते. झोपलेल्या माणसाच्या उशाशी १९४२ पासून कोणता बाजार उभा राहिला होता, हे त्या रूपकातून दिसत नाही.

तो बाजार युद्धाने उभा केलेला होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात येणारा, वर्षाला सुमारे १५ लाख टनांच्या घरातील, तांदूळ बंद झाला. एकूण देशाच्या खपात हे प्रमाण फार मोठे नव्हते. परंतु मुंबई शहर आणि कोकणपट्टी यांची भिस्त या तांदळावर विशेष होती, आणि मुंबई इलाखा मुळातच धान्याच्या बाबतीत तुटीचा होता. दुसरीकडे ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात युद्धासाठी जी खरेदी करीत होते तिची रक्कम लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि येथे तिच्या आधारावर नोटा छापल्या जात. धनंजयराव गाडगीळ व सोवनी यांनी १९४३ सालीच युद्धकालीन अर्थनीतीवरील आपल्या पुस्तकात सरकारच्या या धोरणाची कठोर चिकित्सा केली होती. घाऊक किमतींचा निर्देशांक ऑगस्ट १९३९ च्या मानाने १९४४ पर्यंत सुमारे अडीचपट झाला. २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. शहर अशा रीतीने कार्डाच्या आश्रयाला आले. ज्या मुलखातून शहराला गवत, लाकूड, कोळसा आणि भात जात होते त्या मुलखाला मात्र असा आश्रय एवढ्या लवकर व एवढ्या पुरतेपणी मिळणे शक्य नव्हते.

युद्धकाळातील महागाईने शेतकऱ्याचा फायदा झाला, त्याचे कर्ज फिटले, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई, आणि आजही पाठ्यपुस्तकांतून ते म्हटले जाते. ज्याच्याजवळ विकण्याजोगा माल होता त्याच्यापुरते हे विधान बरोबर आहे. परंतु बोईसर स्थानकाच्या पूर्वेस चार-सहा मैल गेल्यावर या विधानाचा आधारच नाहीसा होतो. वारली भात पिकवीत असे. तथापि जमीन त्याची नव्हती. खंड धान्याच्या रूपाने द्यावा लागे, तो खळ्यावरच मोजून घेतला जाई. घेतलेली खावटी व्याजासह तेथेच वळती होई. उरलेले भात व वरकस जमिनीवरची नागली-वरी होळीपर्यंत, फार तर त्यापुढे थोडे दिवस पुरे. आषाढापासून तो पुन्हा सावकाराच्या दारात उभा, नाही तर रानातले कडूकंद उकळून पोट भरीत असे. म्हणजे उत्पादक म्हणून ज्याची गणना होते असा हा माणूस बाजाराच्या दृष्टीने वर्षातील निम्मा काळ धान्याचा ग्राहक होता, आणि तोही सर्वांत महाग महिन्यांत. किंमत वाढली की तिचा लाभ खंडाच्या रूपाने धान्य गोळा करणाऱ्याला आणि तिचा भार ते परत उसने घेणाऱ्याला, ही विभागणी खळ्यावरच ठरून गेलेली होती.

खावटीचा हिशेब या ठिकाणी थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे, कारण उठावाच्या वाङ्मयात खावटी ही अन्यायाची एक खूण म्हणून येते, तिच्या कार्यपद्धतीचे पृथक्करण क्वचितच होते. धान्य देऊन धान्यच घ्यावयाचे असेल तर दिढीच्या दराने एका मणाचा दीड मण होतो; चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के. हा दर जबर असला तरी त्यात एक गोष्ट आहे: भाव कितीही चढले तरी मणाचा दीड मणच राहतो. परंतु कर्ज वहीत रुपयांनी मांडले गेले की स्थिती पालटते. केवळ उदाहरणादाखल, पावसाळ्यात भाताचा भाव मणाला नऊ रुपये व कापणीनंतर सहा रुपये धरला, तर आषाढात नेलेल्या एका मणाचे नऊ रुपये लिहिले जातात, मार्गशीर्षात त्या नऊ रुपयांचा दीड मण होतो, आणि त्यावर दिढी चढली म्हणजे सव्वादोन मण द्यावे लागतात. भावातील हंगामी तफावत जितकी मोठी तितकी ही वाढ मोठी. टंचाईच्या आणि साठेबाजीच्या काळात नेमकी ही तफावतच रुंदावते. अन्याय तोच, रीत तीच, वहीही तीच; युद्धाने फक्त तिच्यातील गुणक बदलला.

याहून सूक्ष्म असा दुसरा परिणाम आहे. शांततेच्या काळात जमीनदाराच्या कणगीतील शेवटच्या भाताला गावातील खावटीखेरीज फारसे गिऱ्हाईक नसते. मुंबईत तांदूळ मिळेनासा झाल्यावर त्याच भाताला रेल्वेच्या पलीकडे, उघड वा चोरट्या बाजारात, नवे गिऱ्हाईक उभे राहिले. त्यामुळे खावटी देणे ही आता सावकाराच्या दृष्टीने मिळकत सोडण्याची गोष्ट झाली. तरीही तो ती देत राहिला असेल तर त्याचे कारण व्याजाहून वेगळ्या ठिकाणी शोधले पाहिजे, आणि ते कारण मजुरी हे होय. खावटी घेणारा माणूस आश्विनात गवत कापावयास बांधलेला असतो. ज्या अर्थव्यवस्थेत गवताला व लाकडाला युद्धाचा भाव आला आहे, तेथे हे बांधलेपण हीच खावटीची खरी किंमत ठरते. गोदावरीबाईंच्या ग्रंथात वेठ आणि खावटी ही एकाच झोपडीतील दुःखे म्हणून शेजारी शेजारी येतात, हे त्या ग्रंथाचे मोठे बळ आहे. ती एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत हे मात्र वाचकाला स्वतः जुळवून घ्यावे लागते.

गवताचा विषय या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. पालघरपासून उंबरगावपर्यंतच्या वरकस टेकड्यांवरील गवत गाठी बांधून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने मुंबईला जाई. आरे येथील वसाहत १९४९ साली निघाली. तोपर्यंत मुंबईचे दूध शहरातल्याच तबेल्यांतून येत होते आणि त्या म्हशींचा चारा बाहेरून येत होता. त्यात टांग्यांचे व गाड्यांचे घोडे-बैल होते, आणि युद्धाच्या वर्षांत लष्कराच्या जनावरांची गरज मिळाली. आता वरकस जमीन म्हणजे केवळ पडीक माळ नव्हे. राबासाठी लागणारा पालापाचोळा व गवत तिच्यावरून येते, आणि नागली-वरीही तिच्यावरच पिकते. भातखाचर आणि वरकस हे एकाच शेतीचे दोन भाग आहेत. इंद्रा मुन्शी यांनी ठाणे जिल्ह्यातील पारंपरिक शेतीविषयीच्या आपल्या लेखनात हा संबंध चांगला उलगडून दाखविला आहे. वरकसावरील प्रत्येक एकर गवताच्या व्यापारासाठी राखला गेला म्हणजे वारल्याच्या भांड्यातील अंबील तेवढीच पातळ होते. सरकार एका बाजूने 'अधिक धान्य पिकवा' म्हणून मोहीम काढीत असता दुसऱ्या बाजूने शहराची मागणी धान्याची जमीन चाऱ्याकडे ओढीत होती, आणि या ओढाताणीचा निवाडा मंत्रालयात न होता टेकडीच्या मालकाच्या मर्जीने होत होता.

ऑक्टोबर १९४५ मधील गवतकापणीचा संप या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. मागणी पाचशे पौंड गवतास अडीच रुपये अशी होती. गवत हे पीक नाजूक असते. पाऊस थांबल्यावर थोड्या आठवड्यांत ते कापले नाही तर वाळून त्याचा कस जातो आणि वणव्याचे भय उभे राहते. नेमकी त्याच वेळी भाताची कापणीही येते. ज्याच्याजवळ काहीही नाही अशा मजुराच्या हाती वर्षातून एकदाच, तेही या मोजक्या आठवड्यांत, सौदा करण्याची शक्ती येते. आणि भाव चढे असताना ती सर्वांत अधिक असते. मालकांनी एवढ्या त्वेषाने प्रतिकार का केला आणि १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाडे येथे जमलेल्या समुदायावर गोळीबार होऊन जेठ्या गांगडसह पाच जण का पडले, याचा उलगडा जमीनदारांच्या क्रौर्यातून जितका होतो त्याहून अधिक या वेळापत्रकातून होतो. क्रौर्य बाराही महिने होते. ऑक्टोबर वर्षातून एकदाच येतो.

झरीच्या परिषदेतील बारा आण्यांच्या रोजाची मागणीही अशीच पुन्हा तपासण्यासारखी आहे. मालकवर्गाने तिला अतिरेकी ठरविले, आणि सहानुभूतीने लिहिणाऱ्यांनी तिला क्रांतिकारक म्हटले. किमती सुमारे अडीचपट झाल्या होत्या हे लक्षात घेता १९४५ चे बारा आणे म्हणजे युद्धापूर्वीचे सुमारे पाच आणे होतात. निर्देशांक घाऊक व अखिल भारतीय असल्याने हे मोजमाप ढोबळ आहे हे खरे. तथापि त्यावरून एवढे निश्चित दिसते की, ही मागणी नवे काही मिळविण्याची तितकीशी नसून महागाईने हिरावून घेतलेले परत मागण्याची होती. पुढील वर्षी जंगलातील कामासाठी सव्वा रुपया रोज मागितला गेला. लाकूड आणि कोळसा यांचा व्यापारही युद्धाने फुगविला होता. पेट्रोलच्या टंचाईत कोळशाच्या वायूवर मोटारी धावत होत्या, आणि मुंबईच्या चुली तर त्यावर नेहमीच पेटत आल्या होत्या. हे लोण दक्षिणेकडे सरकत पालघर तालुक्यात आले आणि जानेवारी १९४७ मध्ये बोईसरच्या पूर्वेकडील नानिवली येथेही गोळीबार झाला.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. बाजारच जर कारण, तर १९४३ साली, म्हणजे टंचाई तीव्र असताना, उठाव का झाला नाही? या आक्षेपाचे उत्तर केवळ अर्थशास्त्रात नाही, आणि म्हणूनच गोदावरीबाईंच्या ग्रंथाला पर्याय नाही. भीती मोडावी लागते. ती कशी मोडते हे त्या ग्रंथाइतके दुसरीकडे कोठेही सांगितलेले नाही. परंतु उत्तराचा आणखी एक भाग राजकीय आहे. कम्युनिस्ट पक्षाने १९४२ पासून युद्धाला लोकयुद्ध मानले होते आणि उत्पादन खंडित होऊ न देणे हे त्या काळात त्याच्या धोरणाचे सूत्र होते. ज्या पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले, त्याच तालुक्याच्या पूर्व भागात संपाचे शस्त्र उचलले गेले ते युद्ध संपल्यावर. युरोपातील युद्ध ८ मे १९४५ ला थांबले. झरीची परिषद त्यानंतर पंधरा दिवसांनी भरली. हा केवळ योगायोग होता की धोरणाचा परिणाम होता, हा प्रश्न नेत्याने लिहिलेल्या आठवणींच्या कक्षेत सहज येत नाही. तो उपस्थित करणे हे समीक्षेचे काम आहे.

बंगालशी तुलना केल्याने हा विषय अधिक स्पष्ट होतो. १९४३ च्या दुष्काळात तेथे सुमारे तीस लाख माणसे दगावली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, हे मरण धान्याच्या एकूण तुटीपेक्षा धान्य मिळविण्याचा हक्क गमावल्यामुळे आले. आणि ज्यांचा हक्क प्रथम गेला ते शेतमजूर, कोळी व किरकोळ कारागीर होते, भात पिकवणारा कूळ-शेतकरी त्या मानाने वाचला. सेन यांची ही मांडणी ठाण्याला लावली असता एक फरक दिसतो. भाताचा वाटा हाती राखणारा कूळ आणि मजूर हे दोन वर्ग बंगालमध्ये निदान विश्लेषणापुरते तरी वेगळे काढता येतात. वारल्याच्या बाबतीत कूळ, मजूर आणि ऋणको हे तिन्ही एकाच देहात आहेत. त्याचा एक हक्क दुसऱ्या हक्काने खाल्ला जातो. त्याच्या भाताची किंमत वाढते तेव्हा त्याची भूकही वाढते. तथापि बंगालसारखा दुष्काळ येथे पडला नाही. रानातील कंदमुळे, गवत-लाकडाच्या कामाची न संपणारी मागणी आणि मुंबईच्या रेशनिंगमुळे तांदळाच्या बाजारावरील थोडा हलका झालेला ताण, या तिहींचा त्यात वाटा असावा. ज्या मागणीने वारल्याला वेठीला बांधले तिनेच त्याला जगविले, ही गोष्ट उठावाच्या वाङ्मयाला पचणे कठीण आहे. तरीही ती टाळून चालणार नाही.

सिमिंग्टन यांच्या अहवालाचा या संदर्भात मुद्दाम उल्लेख करावयास हवा. सरकारी भाषेतील हा दस्तऐवज वाङ्मयगुणांनी संपन्न नाही; पण खावटी, व्याज आणि लग्नासाठी स्वतःला गहाण टाकणारा गडी यांचा जो संबंध त्याने दाखविला, तो पुढील अनेक भावपूर्ण लेखनापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. उलट सावे यांचा ग्रंथ चालीरीती, दैवते, लग्नविधी यांकडे वळलेला आहे. वारली चौकातील पालघट देवीचे चित्र धान्यसमृद्धीची प्रार्थना आहे हे सांगताना त्या वर्षी कणगीत काय होते हे विचारणे मानववंशशास्त्राला त्या काळी आवश्यक वाटत नसे. शामरावांची पुस्तिका प्रचाराच्या घाईत लिहिलेली असली तरी मजुरीचे दर, मागण्या व तारखा यांच्या बाबतीत ती अधिक काटेकोर आहे, आणि आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने गोदावरीबाईंचा ग्रंथ वाचताना ती हाताशी ठेवावी हे बरे.

खावटी या शब्दाचा पुढील प्रवासही लक्षणीय आहे. सावकाराच्या वहीतला हा शब्द स्वातंत्र्यानंतर आदिवासी विकास महामंडळाच्या कर्जयोजनेत आला, आणि २०२० साली टाळेबंदीच्या काळात 'खावटी अनुदान' म्हणून शासनाच्या निर्णयात अवतरला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरमहा दरडोई पाच किलो धान्याचा हक्क दिला. त्यामुळे २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू होऊन गव्हाचे भाव भडकले आणि १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबविली, तेव्हा त्याचा धक्का विक्रमगड वा डहाणूच्या पाड्यावर धान्याच्या रूपाने पूर्वीसारखा पोचला नाही. तो गोडेतेल, खत आणि डिझेल यांच्या वाटेने आला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या आजच्या वारल्याला गवताच्या गाठीचा भाव माहीत असण्याचे कारण उरलेले नाही. मात्र केवळ शांतता होती म्हणून भूक नव्हती असेही नव्हे: १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली तेव्हा कोठलेही महायुद्ध चालू नव्हते. युद्धाला सर्वस्वी कारण मानणारे विवेचन या ठिकाणी अडखळते, आणि ते अडखळणे योग्यच आहे.

शेवटी या वाङ्मयाच्या भूगोलाविषयी. ते सारे रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला घडते. पश्चिमेस, चार-सहा मैलांवर, चिंचणी-तारापूरचे वाडवळ बागायतदार, केळवे-माहीमच्या पानवेली आणि सातपाटीचे कोळी होते. त्यांच्याजवळ रोज विकण्याजोगा माल होता आणि त्याच गाडीने तो मुंबईला जात होता. पण ते भात विकत घेऊन खाणारे लोक होते, आणि बंगालमध्ये प्रथम बुडालेल्या वर्गांत कोळी होते हे वर आलेच आहे. बागायतदाराच्या वाडीत पाणी शिंपणारा मजूर बहुधा पूर्वेकडचाच असे. दोन्ही बाजूंना एकच भाव लागू होता आणि त्याचे दोन परिणाम होत होते. उठावाच्या कथेला या पश्चिम पट्टीचे प्रयोजन नव्हते, म्हणून ती तेथे गेली नाही. युद्धकालीन अन्नबाजाराच्या अभ्यासाला मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंच्या वह्या एकत्र उघडाव्या लागतील.